लॅक्सटन : कुंपणाविना टिकलेले एक इंग्रजी गाव

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशर परगण्यात लॅक्सटन नावाचे एक लहान गाव आहे. ब्रिटनमध्ये राजमुकुटाच्या नावे असलेल्या जमीनजुमल्याचा कारभार ‘क्राउन इस्टेट’ ही सार्वजनिक संस्था पाहते. तिने २०१८ साली या गावातील आपली मालमत्ता विकायचे ठरवले आणि २०२० मध्ये शेजारच्या थोर्सबी येथील जुन्या जमीनदार घराण्याच्या इस्टेटीने ती विकत घेतली. बातमी लहान होती. पण ती वाचणारा दोन ठिकाणी हमखास अडखळतो. आजच्या काळात जवळजवळ आख्खे गाव विकले जाते, म्हणजे नेमके काय विकले जाते? आणि जमिनीच्या खरेदीबरोबर एका न्यायालयाची जबाबदारीही खरेदीदाराकडे येते, हे कसे?

या प्रश्नांची उत्तरे शोधताना इंग्लंडच्या शेतीचा जवळजवळ हजार वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढून जातो. जुनी चर्चे आणि पडक्या गढ्या इंग्लंडमध्ये गावोगावी आहेत. लॅक्सटनमध्ये मात्र मध्ययुगात देशाच्या मोठ्या भागात चालणारी शेतीची एक रीत, तिचे नियम आणि ते नियम राबवणारी सभा, या तिन्ही गोष्टी एकत्र आणि चालू स्थितीत आहेत. असे गाव त्या देशात दुसरे उरलेले नाही.

गावात काय दिसते

ट्रेंट नदीकाठच्या नेवर्क शहरापासून वायव्येला साधारण पंधरा किलोमीटरांवर लॅक्सटन आहे. मूरहाउस ही शेजारची वाडी धरली तरी वस्ती पाचशेच्या आतबाहेर भरते. फ्रान्सच्या नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने १०८६ साली करवून घेतलेल्या ‘डूम्सडे’ या जमीनपाहणीत गावाची नोंद सापडते; तेव्हा ते जेफ्री आल्सेलिन या सरदाराच्या ताब्यात होते. गावाच्या उत्तर अंगाला त्या नॉर्मन काळातील गढी आहे. मातीची उंच टेकडी आणि तिच्या पायथ्याशी खंदकाने वेढलेले आवार, अशी तिची रचना. वरचे बांधकाम केव्हाच नाहीसे झाले असून आता फक्त गवताने झाकलेले उंचवटे उरले आहेत. तरीही नॉटिंगहॅमशरमध्ये या प्रकारची इतकी चांगली टिकलेली गढी दुसरी नाही. शेरवुडच्या राजवनाची राखण करण्याचा वंशपरंपरागत अधिकार असलेली घराणी येथे राहत असत, त्यामुळे एके काळी या आडगावाचे राजकीय वजनही मोठे होते.

त्या घराण्यांपैकी एव्हरिंगहॅम घराण्याच्या समाधी-शिल्पांसाठी गावातील सेंट मायकेल चर्च ओळखले जाते. दगडी मूर्तींच्या सोबतीला तेथे ओक लाकडात कोरलेली एका स्त्रीची मध्ययुगीन मूर्ती आहे. साऱ्या परगण्यात त्या काळची लाकडी समाधीमूर्ती एवढी एकच. चर्चची इमारत पूर्वी आणखी लांब होती. १८५९-६० च्या जीर्णोद्धारात तिचा सभामंडप आखूड करून मनोरा नव्याने बांधण्यात आला. याखेरीज भटकी जनावरे डांबण्याचा कोंडवाडा आणि ‘डव्हकोट इन’ हा पब, या दोन ठिकाणांचा संबंध पुढे येईलच. गावाच्या हद्दीत १९९५ पासून ‘बेथ शालोम’ नावाचे स्मृतिकेंद्रही आहे. नाझी राजवटीत झालेल्या ज्यूंच्या संहाराची माहिती देणारे हे ब्रिटनमधील राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याचा शेतीच्या इतिहासाशी संबंध नाही, पण गावात येणाऱ्या अनेकांची पावले आधी तिकडेच वळतात.

या साऱ्यांपेक्षा गावातील घरांची ठेवण मला अधिक बोलकी वाटते. लाल विटांची, कौलारू शेतकऱ्यांची घरे रस्त्याच्या कडेला ओळीने उभी आहेत. त्यांतील अनेकांच्या त्रिकोणी भिंती रस्त्याकडे आहेत आणि कोठारे व गोठे बाजूच्या आवारात आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला यात नवल वाटणार नाही, कारण आपल्याकडे घर गावठाणात आणि शेत शिवारात हीच रीत आहे. इंग्लंडच्या ग्रामीण भागात मात्र शेतकऱ्याचे घर बहुधा त्याच्या शेतांच्या मधोमध, गावापासून दूर एकटे उभे असते. लॅक्सटनचे शेतकरी गावातच का राहिले, याचे उत्तर त्यांच्या शिवारात आहे.

खुले शेत म्हणजे काय

लॅक्सटनचे शिवार तीन अवाढव्य शेतांत विभागलेले आहे : पश्चिम शेत, गिरणीचे शेत आणि दक्षिण शेत. यांपैकी प्रत्येक शेत अनेक पट्ट्यांचे बनलेले असते आणि प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुंपण नाही, झुडपांची रांग नाही, आपल्याकडे असतो तसा बांधही नाही. नांगराच्या शेवटच्या तासावर एकाची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. या रचनेला खुल्या शेतांची पद्धत म्हणतात.

तीन शेते का, याचे कारण पीकफेरपालटीत आहे. पहिल्या वर्षी एका शेतात शरद ऋतूत पेरलेला हिवाळी गहू असतो. दुसऱ्या वर्षी त्याच शेतात वसंतात पेरायची पिके, म्हणजे बार्ली किंवा द्विदल धान्ये घेतली जातात. तिसऱ्या वर्षी ते पड ठेवले जाते, म्हणजे जमिनीला विश्रांती मिळते; अलीकडे त्या वर्षी गवत किंवा चाऱ्याचे पीक घेण्याची मुभा असते. तिन्ही शेते या फेऱ्यात एकेका वर्षाच्या अंतराने चालत असल्याने गावात दर वर्षी एक शेत गव्हाखाली, एक वसंत पिकांखाली आणि एक विश्रांतीत असते.

एखाद्या शेतकऱ्याची सगळी जमीन एकाच शेतात असती, तर दर तिसऱ्या वर्षी त्याच्या घरात दाणाही आला नसता. म्हणून प्रत्येकाचे पट्टे तिन्ही शेतांत असणे भाग होते. शेताचा फेरपालट ठरलेला असल्यामुळे प्रत्येकाने त्या त्या शेतात ठरलेल्या हंगामाचेच पीक घेणेही भाग होते. आणि पीक निघाल्यावर सबंध शेत गावाच्या जनावरांना चरण्यासाठी मोकळे होत असल्याने कापणीही सर्वांची ठरलेल्या तारखेपर्यंत उरकावी लागे. पट्टा ज्याचा त्याचा आणि पीकही ज्याचे त्याचे, पण वेळापत्रक मात्र सगळ्यांचे एकच. या पद्धतीत गावसभा इतकी महत्त्वाची का ठरली, हे येथे लक्षात येते.

शिवारातील सखल, ओलसर जागा नांगराला जुमानत नाहीत. स्थानिक बोलीत त्यांना ‘साइक’ म्हणतात. या गवताळ पट्ट्यांवर कधीच नांगर फिरलेला नसल्याने तेथे जुन्या कुरणांतील रानफुलांच्या आणि गवतांच्या जाती टिकून राहिल्या आहेत. म्हणूनच त्यांना निसर्गसंवर्धनाच्या दृष्टीने महत्त्वाचे क्षेत्र म्हणून सरकारी संरक्षण आहे. तेथील गवत कापण्याच्या हक्काचा दर वर्षी लिलाव होतो.

पट्टे लांबट आणि विखुरलेले का असतात

लांबटपणाचे कारण अवजारात आहे. ट्रेंटच्या पश्चिमेकडील ही जमीन चिकणमातीची आणि जड आहे. तिच्यात चालणाऱ्या मध्ययुगीन नांगराला बैलांच्या अनेक जोड्या लागत. एवढे लटांबर शेताच्या टोकाला वळवणे कष्टाचे काम असल्याने एकदा धरलेले तास जितके लांब नेता येईल तितके नेणे सोयीचे होते. या लांबीचे माप पुढे फर्लांग म्हणून रूढ झाले, म्हणजे २२० यार्ड, सुमारे २०१ मीटर. फर्लांगभर लांब आणि २२ यार्ड रुंद तुकडा म्हणजे एक एकर. आपल्या सातबाऱ्यावर चाळीस गुंठ्यांचा म्हणून जो एकर ओळखला जातो तो हाच. इंग्रजी राजवटीबरोबर तो इकडे आला. नांगराची माती दर वर्षी पट्ट्याच्या मध्याकडे लोटली जाई, त्यामुळे शतकानुशतकांच्या नांगरटीने मोठमोठे सरी-वरंबे तयार झाले. इंग्लंडमध्ये पुढे कुरणे झालेल्या कित्येक जमिनींवर ते तिरप्या उन्हात आजही स्पष्ट दिसतात.

पट्टे विखुरलेले असण्याबद्दल अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. चांगली आणि हलकी जमीन सर्वांना सारखी मिळावी म्हणून अशी वाटणी झाली, असे एक मत आहे. वारसांमध्ये होत गेलेल्या वाटण्यांचा हा परिणाम आहे, असे दुसरे. आर्थिक इतिहासकारांपैकी काहींनी मांडलेले तिसरे मत मला सर्वांत पटणारे वाटते. ज्या काळात पीकविमा नव्हता, बँक नव्हती आणि बाहेरून धान्य आणणे अवघड होते, त्या काळात जमीन विखुरलेली असणे हाच विमा होता. अतिवृष्टीत सखल भागातील पट्टा बुडाला तरी उंचावरचा वाचत असे. गारपीट शिवाराच्या एका अंगाला झाली तर दुसऱ्या अंगाचे पीक हाती लागत असे. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाण्यात वेळ वाया जाई आणि एकूण उत्पन्न थोडे घटे. पण उपासमारीच्या वर्षाची शक्यता कमी होत असेल, तर ही किंमत मोजण्यासारखीच होती.

१६३५ चा नकाशा

लॅक्सटनबद्दल आपल्याला इतके बारकाईने कळते, याचे मोठे श्रेय एका मोजणीदाराला जाते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमधील धनाढ्य व्यापारी सर विल्यम कोर्टन याने ड्यूक ऑफ बकिंगहॅमकडून हे गाव विकत घेतले. आपण काय घेतले हे नीट कळावे म्हणून त्याने मार्क पिअर्स या मोजणीदाराकडून संपूर्ण गावाची मोजणी करवून घेतली. १६३५ साली तयार झालेला तो नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे.

त्या नकाशावर दोन हजारांहून अधिक पट्टे एकेक करून आखलेले आहेत आणि सोबतच्या नोंदवहीत कोणता पट्टा कोणाकडे आहे हे लिहिलेले आहे. घरे, बागा, चर्च, गढी, गिरणी हे सारे त्यावर आहेच. पण पिअर्सने मोकळ्या जागांत माणसेही काढली आहेत. कोठे नांगर चालला आहे, कोठे कापणी सुरू आहे, कोठे कुत्रे सशामागे धावत आहेत. महसुलासाठी केलेल्या कागदात मोजणीदाराने गावाचे वर्षभराचे जगणे टिपले, ही मला त्या नकाशातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आजच्या गावातील रस्ते, घरांच्या जागा आणि तिन्ही शेतांची ठेवण त्या नकाशाशी ताडून पाहता येते आणि आश्चर्यकारक इतकी जुळते. शेतांचे क्षेत्र मात्र त्यानंतर बरेच आक्रसले आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या फेरआखणीत लहान पट्टे एकत्र करून मोठे केले गेले, त्यामुळे त्यांची संख्याही पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली आहे.

शेतकऱ्यांचे न्यायालय

आता न्यायालयाकडे वळू. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सरदाराच्या ताब्यातील गाव, त्यातील जमीन आणि कुळांवरील हक्क मिळून जो घटक होई त्याला ‘मॅनर’ म्हणत. प्रत्येक मॅनरचे स्वतःचे छोटे न्यायालय असे आणि त्याच्या एका प्रकाराला ‘कोर्ट लीट’ हे नाव होते. नाव भारदस्त असले, तरी काम समजायला सोपे आहे. आपल्याकडील सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिका ज्याची त्याची असते, पण जिना, गच्ची आणि वाहनतळ सगळ्यांचे असतात. त्यांच्या वापराचे नियम वार्षिक सभा ठरवते, समिती पाहणी करते आणि कोणी सामायिक जागा बळकावली तर दंड लावते. लॅक्सटनमध्ये सदनिकेच्या जागी पट्टा आणि जिन्याच्या जागी शेतरस्ता, साइक व चराईची जमीन आहे, एवढाच फरक.

हे काम वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या तोंडाशी होते. नोव्हेंबरच्या अखेरीस एका गुरुवारी शेतकऱ्यांची ज्युरी नुकत्याच पेरलेल्या गव्हाच्या शेताची पाहणी करायला निघते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लाकडी खुंट्या आणि हातोडा घेतलेला असतो. पट्टा जेथे रस्त्याला किंवा गवताळ साइकला भिडतो तेथे ही मंडळी उतरतात. पेरणाऱ्याने नांगर हद्दीबाहेर नेला आहे का, हे नजरेने आणि जुन्या खुणांवरून ताडतात, योग्य जागा ठरवतात आणि तेथे खुंटी ठोकतात. गव्हाचे कोंब खुंटीच्या पलीकडे दिसले, तर अतिक्रमण उघड होते आणि दंडाची रक्कम तेथेच आपसात ठरते. ज्युरीतील सगळेच शेती करणारे असल्यामुळे आज ज्याच्या पट्ट्याची पाहणी होते तो पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या पट्ट्यावर खुंटी ठोकायला उभा असतो. कधी कधी ज्युरीतील माणसाच्याच पट्ट्यावर हद्द ओलांडलेली सापडते, आणि त्यालाही दंड होतो. दुपारी सगळे डव्हकोट इनमध्ये जेवायला जमतात.

पुढच्या गुरुवारी त्याच पबमध्ये न्यायालय भरते. जमीनमालकाने नेमलेला कारभारी अध्यक्षस्थानी असतो, बेलिफ पुकारा करतो आणि नावे वाचली जातात. ज्युरी आपला अहवाल सादर करते, दंड जाहीर होतात आणि पुढच्या वर्षीच्या पाहणीसाठी नव्या ज्युरीला शपथ दिली जाते. भटकी जनावरे कोंडवाड्यात डांबणाऱ्या रखवालदाराचे पद याच न्यायालयाने नेमायचे असते. दंड थोड्या पौंडांचे असतात. त्यांची जरब रकमेत नसून शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाण्यात आहे.

हा केवळ हौशी समारंभ आहे, असे वाटू शकते. इंग्लंडमध्ये काही गावांत अशी न्यायालये खरोखरच समारंभापुरती उरली आहेत. पण १९७७ साली ब्रिटिश संसदेने न्यायदानविषयक कायद्याने या जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्सटनच्या न्यायालयाला अपवाद करून त्याचे अधिकार कायम ठेवले. शेतीची ती पद्धत तेथे प्रत्यक्ष चालू होती, म्हणून न्यायालयाचीही गरज होती.

बाकीच्या गावांचे काय झाले

एके काळी मध्य इंग्लंडमधील बहुतेक गावे अशीच होती. ती बदलली कुंपणबंदीमुळे. विखुरलेले पट्टे आणि सामायिक चराईचे हक्क मोडून काढायचे, प्रत्येक मालकाला त्याबदल्यात एकसलग तुकडा द्यायचा आणि त्याने त्याभोवती कुंपण घालून तो सर्वस्वी आपला करायचा, या प्रक्रियेला कुंपणबंदी म्हणता येईल. तेराव्या शतकापासून ती तुरळक चालू होती. लोकरीला भाव आल्यावर जमीनदारांनी शेते मोडून मेंढ्यांची कुरणे केली, तेव्हा तिच्याविरुद्ध उठावही झाले; १५४९ चे नॉरफोकमधील केटचे बंड आणि १६०७ चा मध्य परगण्यांतील उठाव त्यांत ठळक आहेत.

अठराव्या शतकात हे काम प्रामुख्याने कायद्याच्या मार्गाने होऊ लागले. गावातील मोठे मालक संसदेकडे अर्ज करत, त्या एका गावापुरता कायदा मंजूर होई, आयुक्त आणि मोजणीदार येत आणि नवी वाटणी जाहीर होई. १६०४ ते १९१४ या काळात असे सुमारे ५,२०० कायदे झाले आणि त्यांखाली साधारण ६८ लाख एकर जमीन आली. हे क्षेत्र इंग्लंडच्या एक पंचमांशाहून अधिक भरते. संमती मोजताना डोकी मोजली जात नसत, जमिनीचे मोल मोजले जाई. त्यामुळे दोन-तीन मोठ्या मालकांनी मनावर घेतले की डझनावारी लहान शेतकऱ्यांचा विरोध निष्फळ ठरे. नव्या तुकड्याला ठरावीक मुदतीत स्वखर्चाने कुंपण घालावे लागे. ज्यांना ते झेपले नाही त्यांनी तुकडा विकला, आणि ज्यांच्याकडे जमीन नव्हती पण गायरानात एखादी गाय चारण्याची वहिवाट होती त्यांच्या पदरी बहुधा काहीच पडले नाही. हेल्पस्टन गावच्या कुंपणबंदीचा कायदा १८०९ मध्ये झाला. त्या गावचा शेतमजूर-कवी जॉन क्लेअर याने आपल्या कवितांतून या नुकसानीचे दुःख मांडले आहे.

लॅक्सटन यातून सुटले, ते कोणी ठरवून सोडवल्यामुळे नव्हे. तेथेही काही जमिनींना कुंपणे पडली. पण उरलेल्या शेतांची जमीन एका हाती नव्हती. मॅनरचे मालक, म्हणजे पियरपॉन्ट घराणे आणि पुढे त्याचे वारस अर्ल मॅनव्हर्स, यांच्याबरोबर दुसरे बडे जमीनदार आणि लहान स्वतंत्र मालकही होते, आणि अदलाबदल व खर्च यांवर सर्वांचे एकमत होईना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धान्याचे भाव कोसळले आणि कुंपणबंदीवर पैसा घालण्यात लाभही उरला नाही. तोपर्यंत आपल्याकडे जे उरले आहे ते अन्यत्र नाहीसे झाले, याची जाणीव अभ्यासकांना आणि मालकांनाही झाली होती. १९५२ साली अर्ल मॅनव्हर्स यांनी जमीन सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकली. १९८१ मध्ये ही पद्धत पुढे चालवण्याच्या हमीवर ती क्राउन इस्टेटकडे गेली, आणि २०२० मध्ये जी थोर्सबीकडे परतली ती म्हणजे याच मॅनव्हर्स घराण्याच्या वारसांकडे.

सामायिक जमीन ओरबाडली जात नाही का?

ही शंका रास्त आहे. गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६८ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात असा युक्तिवाद केला की सर्वांसाठी खुल्या कुरणात प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणाचा नाश होतो. लॅक्सटनसारख्या गावांचा अनुभव या चित्रात बसत नाही, कारण तेथील चराई सर्वांना खुली कधीच नव्हती. कोणाला किती जनावरे सोडण्याचा हक्क, केव्हापासून केव्हापर्यंत, हे ठरलेले असे आणि जास्तीचे जनावर कोंडवाड्यात जात असे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधील कुरणांपासून फिलिपाइन्समधील कालव्यांपर्यंत अशा सामायिक व्यवस्थांचा अभ्यास केला आणि त्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सभासद कोण हे स्पष्ट असावे, नियम वापरणाऱ्यांनीच करावेत, देखरेखही त्यांनीच करावी आणि दंड सौम्यापासून सुरू व्हावा, ही टिकाऊ व्यवस्थांची लक्षणे त्यांनी मांडली. खुंट्या घेऊन निघालेल्या लॅक्सटनच्या ज्युरीत ती सर्व दिसतात.

ही सरंजामशाहीच नव्हे का?

काही अंशी आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. खुल्या शेतांची पद्धत म्हणजे समानतेचे राज्य नव्हते. मध्ययुगात यातील अनेक शेतकरी मालकाच्या जमिनीवर सक्तीने राबणारी बांधील कुळे होती, आणि कोणाकडे चाळीस पट्टे तर कोणाकडे दोन, असा फरकही होता. आजही लॅक्सटनचे शेतकरी मुख्यतः कुळेच आहेत, जमिनीचा खंड भरतात आणि न्यायालयाचा कारभारी मालक नेमतो. आपल्याकडे १९४८ च्या मुंबई कूळकायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याला मालकी मिळण्याचा रस्ता खुला झाला. तसे या गावात घडलेले नाही. सामायिक कारभार आणि मालकीतील विषमता एकाच गावात शतकानुशतके शेजारी शेजारी नांदू शकतात, आणि पहिल्याचे कौतुक करताना दुसरीकडे डोळेझाक करू नये, असे माझे मत आहे.

मग हे फक्त संग्रहालय उरले आहे का?

संग्रहालयातील वस्तूवर कोणाचे पोट अवलंबून नसते. लॅक्सटनच्या गव्हावर असते. तिन्ही शेतांत आज ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रे चालतात, बियाणे आधुनिक असते आणि माल बाजारभावानेच विकला जातो. मात्र या शेतांवर एकट्यावर कोणाचेही घर चालत नाही. तीन शेतांचे एकूण क्षेत्र आता पाचशे एकरांच्या आसपास आहे आणि प्रत्येक कुळाकडे त्याखेरीज कुंपणबंद जमीनही असते. पट्टे घेणे हा शेत मिळण्याच्या अटींचा भाग आहे. मोठ्या यंत्रांना लहान पट्टे अडचणीचे असतात, दर तिसऱ्या वर्षी धान्याचे उत्पन्न बुडते आणि ज्युरीसाठी दिवस मोडावा लागतो. हा तोटा कुळे आणि मालक मिळून सोसतात.

येथेच २०२० च्या खरेदीचा खरा प्रश्न उभा राहतो. गढीला आणि चर्चला पुरातत्त्वाचा कायदा वाचवू शकतो. साइकला निसर्गसंवर्धनाचा कायदा आहे. पण फेरपालट चालू ठेवा, पट्टे कसा, ज्युरीवर बसा, अशी सक्ती कोणत्याही वारसा-कायद्याने करता येत नाही. ती चालते कुळांच्या करारांमुळे आणि मालकाच्या इच्छेमुळे. म्हणून जुने शेतकरी निवृत्त झाल्यावर नव्या पिढीला परवडेल अशा खंडाने शेत मिळते का, आणि गावातील घरे शहरात नोकरी करणाऱ्यांच्या हाती न जाता शेती करणाऱ्यांसाठी राहतात का, यावर तेथील पुढची पन्नास वर्षे ठरतील.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांच्यासाठी डव्हकोट इनच्या आवारात लहानसे माहितीकेंद्र आहे आणि शेतांतून सार्वजनिक पायवाटा जातात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेल्यास साइकमधील रानफुले पाहायला मिळतात आणि वेगवेगळ्या पिकांमुळे पट्टेही ओळखू येतात. न्यायालय पाहायचे असेल, तर मात्र नोव्हेंबर-डिसेंबरच्या सांध्यावर जावे लागते. त्या वर्षी गहू कोणत्या शेतात आहे हे आधी विचारून घ्यावे, कारण ज्युरी त्याच शेताकडे निघते आणि चिखल भरपूर असतो.